दोन झटके

"अहो, बसा की जरा! तुमच्या पायी त्या नळीला घेरी यायची आता."

मिस्त्रीणबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मटार सोलत बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यातून ऑक्सिजनची पारदर्शक नळी फरशीवरून सरपटत बाहेरच्या खोलीकडे जायची, थांबायची आणि पुन्हा मागे यायची. नळीचं एक टोक उंबऱ्याबाहेरच्या बोळात घरघरणाऱ्या यंत्राला, दुसरं मिस्त्रींच्या नाकाला. मिस्त्री बाईंना दिसत नव्हते, पण ते काय करताहेत हे कळायला नळी पुरेशी होती. आत्ता खिडकी. आत्ता दार. पुन्हा खिडकी. सकाळपासून हाच फेरा चालला होता. बघून बघून बाईंचे दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत जायला लागली होती.

"बसलोय," बाहेरून आवाज आला.

"नळी चालतेय आणि तुम्ही बसलाय?"

नळी ओशाळल्यासारखी क्षणभर थांबली आणि मग पुन्हा चालू लागली.

तसा हा माणूस बसणाऱ्यातला कधी नव्हताच. उभा जन्म फरशा घासण्यात गेलेला. घासायचं मशीन म्हणजे एक अजस्र धूड. खाली दगड गरगर फिरतात आणि वर दोन दांडे धरून ते आवरायचं असतं. हात जरा सैल पडला की ते वाट फुटेल तिकडे धावतं, भिंतीचा कोपरा उडवतं, नाहीतर माणसाचा पाय धरतं. म्हणून मिस्त्रींचा एकच नियम होता, मशीन चालू आहे तोवर माणूस उभा. पुढे त्याच दगडांची धूळ छातीत घर करून बसली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं यंत्र लावून दिलं, दिवसा नाकात नळी आणि रात्री तोंडावर मास्क. यंत्र पोचवायला आलेला माणूस मोठ्या उत्साहाने म्हणाला होता, "काका, आता तुम्ही निवांत बसायचं. सगळं काम हे मशीन करणार."

मिस्त्रींनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे पाहिलं. "चालू मशीनपाशी बसायचं?" त्यांनी विचारलं. त्या बिचाऱ्याला प्रश्नच कळला नाही.

झालं. यंत्र चालू की मिस्त्री उभे, आणि यंत्र तर कायमच चालू. जेवायचे ते ताट हातात घेऊन, खिडकीपाशी. पेपर वाचायचे तो कपाटाला टेकून. रात्री निजायचे तेही उशांचा ढीग पाठीशी लावून, निम्मे उभेच. बाईंनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले. लेकीने येऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावून जास्त लांबीची नळी आणून दिली. निदान फिरायला मोकळीक तरी मिळेल म्हणाली.

त्या नळीलाही मिस्त्री नळी मानत नसत. मशीनची वायर दगडाखाली येऊ नये म्हणून फरशी घासणारा ती डाव्या खांद्यावरून मागे टाकतो, एक वेटोळं हातात ठेवतो आणि वळताना मनगटाने हलकेच झटकतो. मिस्त्री नळी तश्शीच वागवायचे. पाहणाऱ्यांना हसू यायचं. बाईंना यायचं नाही. खांद्यावर वायर टाकलेला हा माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याची छाती दाराएवढी होती.

झटक्यांची भाषाही कामावरचीच. लग्नानंतर बाईही मिस्त्रींबरोबर कामाला जात. दगडाखाली पाणी ओतायचं, साचलेला राडा निपटायचा आणि स्विच सांभाळायचा. मशीन एका खोलीत, स्विच दुसऱ्या खोलीत, आणि आवाज असा की कानाशी ओरडलं तरी ऐकू येऊ नये. मग वायरीला झटका द्यायचा. एक झटका म्हणजे 'ठीक ना?' आणि त्याला उत्तर एक झटका, 'ठीक.' दोन झटके म्हणजे 'बंद कर', आणि तेही ताबडतोब, काय झालं हे विचारत न बसता. एकदा मिस्त्रींच्या पँटचा पाय दगडात ओढला गेला होता. दोन झटके आले, बाईंनी स्विच पाडला आणि पाय वाचला. ते सगळं आता घरात आलं होतं. हाक मारायला मिस्त्रींकडे श्वास उरला नव्हता आणि दर हाकेला उठायला बाईंकडे गुडघे उरले नव्हते. उंबऱ्यात बसल्या बसल्या बाई नळीला एक झटका द्यायच्या. बाहेरून एक झटका यायचा. दोन द्यायची वेळ या घरात कधी आली नव्हती.

आणि आज नेमकं डोक्यावरच काम निघालं होतं. वरच्या घरमालकाने जुन्या फरशा घासून घ्यायचं काढलं होतं आणि सकाळपासून छत थरथरत होतं. भांडी मांडणीवर आपोआप वाजत होती. बाईंचं डोकं उठलं होतं. त्यांना वाटलं, मिस्त्रींचे हात शिवशिवताहेत, म्हणून या येरझारा. जुनं गाणं कानावर पडलं की नाचणाऱ्याचे पाय हलायचेच.

पण तसं नव्हतं. मध्येच नळी थेट उंबऱ्यापर्यंत आली आणि तिच्यामागून मिस्त्री.

"ऐकलंस?"

"न ऐकून सांगते कुणाला! अख्ख्या इमारतीला ऐकू येतंय."

"मशीन नाही. ते थांबलं की... ऐक."

दोघं थांबली. वरचं मशीन थांबलं आणि मागोमाग खोकला आला. कोरडा, खोल, एकदा लागला की माणसाला वाकवणारा. खोकणाऱ्याने मध्ये श्वास ओढला त्याची शीळ छतातून खाली आल्यासारखी वाटली. बाईंचा हात मटारांत थांबला. हा खोकला त्या ओळखत होत्या. कित्येक वर्षं तो त्यांच्या उशाशी झोपला होता.

"कडा घासतोय," मिस्त्री म्हणाले. त्यांना एका श्वासात दोन-तीन शब्दच जमायचे. "हातमशीनने. कोरड्या. पाण्याचा आवाज... नाही."

"नसेल. तुम्हाला काय त्याचं?"

"सांगायला... हवं त्याला."

"कोण तो तुमचा? जावई लागून गेलाय?" बाईंचा आवाज चढला. आवाज चढला की आपण घाबरलोय हे त्यांना कळायचं, पण मिस्त्रींना कळू नये एवढंच त्या बघायच्या. "जिन्यात पाऊल टाकायचं नाही हं. कठड्यावर बोटभर धूळ बसलीय. मी दाराला ओल्या चादरी लावून बसलेय ती काय हौस म्हणून? मागच्या वेळी नुसत्या सर्दीनं तुम्हाला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना?"

"हं."

"जाणार नाही म्हणा."

"नाही जात."

इतक्या चटकन ते कबूल झाले, तेव्हाच बाईंनी ओळखायला हवं होतं. आयुष्यात या माणसाने पहिल्या सांगण्यात कधी काही ऐकलं नव्हतं. पण त्याच वेळी वर पुन्हा मशीन सुरू झालं, छत पुन्हा थरथरलं आणि विचार तिथेच राहिला.

नळी थोडा वेळ स्वस्थ पडून राहिली. मग बाहेर सरकली. मग आत. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. पण आता तिच्यात मघाचा उतावळेपणा नव्हता. एका लयीत, सावकाश, शहाण्या माणसासारखी ती जात-येत होती. चला, उतरलं एकदाचं डोक्यातून, बाईंना वाटलं. त्या मनातल्या मनात खूशही झाल्या. म्हणजे आपण नीट समजावलं की ऐकतात.

मटार संपत आले तसं वरचं मशीन थांबलं. बाईंनी खोकल्याची वाट पाहिली. खोकला आला, पण मशीन काही पुन्हा सुरू झालं नाही. घर एकदम इतकं शांत झालं की बाईंना उगीचच चुटपूट लागली. त्यांनी नळी चिमटीत धरली आणि एक झटका दिला.

काही नाही.

मग नळी ताणली गेली आणि एक झटका आला. बाई नळी सोडणार तोच लगेच दुसरा.

त्यांचा हात डोक्याला विचारत बसला नाही. तो बोळात गेला आणि त्याने स्विच पाडला. यंत्राने एक लांब शीळ घातली, घरघर मंदावली आणि थांबली.

आपण काय केलं ते बाईंना त्यानंतर कळलं. दगडात सापडलेला पाय वाचवायचा म्हणून त्यांनी नवऱ्याचा श्वास बंद केला होता. त्यांची पाचावर धारण बसली. मटारांचं भांडं उपडं झालं. स्विच पुन्हा लावायचं सुचलंच नाही. "अहो!" असं ओरडत त्या गुडघ्यांना न जुमानता बाहेरच्या खोलीत धावल्या.

खोलीत मिस्त्री नव्हते. खिडकीपाशी टेबलफॅन इकडून तिकडे मान फिरवत होता. त्याच्या जाळीला मिस्त्रींच्या हातरुमालाने नळी बांधलेली होती. नाकात घालायचं टोक खाली लोंबत होतं. नळीचं एक वेटोळं खुर्चीच्या पायात अडकलं होतं, त्यामुळे फॅनने मान वळवली की नळीला हिसका बसत होता. आणि कोपऱ्यात, दवाखान्यात जाताना न्यायच्या लहान सिलिंडरची जागा रिकामी होती. दार नुसतंच लोटलेलं होतं.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. गुदमरले नाहीत. आपण मारलं नाही. एवढं मनात येईतो डोळ्यांना पाणी आलं, आणि ते पुसायच्या आत अंगाचा तिळपापड झाला.

"तू पण सामील का रे मेल्या?" त्या फॅनला म्हणाल्या आणि उठल्या.

जिन्यात पिठासारखी पांढरी धूळ पडली होती. तीत सगळं उमटलं होतं. सिलिंडरच्या गाडीची चाकं. दोन्ही पाय एकाच पायरीवर, मग दोन्ही पाय वरच्या पायरीवर. भिंतीला पंजा टेकल्याची खूण. वळणाच्या रुंद पायरीवर बरीच धूळ पुसलेली होती, तिथे ते बसले असणार. बाई ते पाहत पाहत वर चढल्या. मिस्त्रींवर ओरडायचं काय काय ते त्यांनी खालीच ठरवलं होतं, ते एकेका पायरीवर गळत गेलं.

वरच्या घराचं दार सताड उघडं होतं. मिस्त्री दारातच उपड्या बादलीवर बसले होते, सिलिंडर दोन गुडघ्यांत धरून. ओठ निळसर, खांदे श्वासागणिक वर उचललेले. एक हात समोर उगारलेला, थांब म्हणावं तसा. आणि समोर एक कारागीर हातमशीन घेऊन अवघडून उभा होता. चाळिशीच्या आतबाहेरचा, भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरा.

"मावशी, हे तुमचेच का?" बाईंना पाहून त्याला हायसं वाटलं. "केव्हाचे असा हात करून बसलेत. बोलत काहीच नाहीत. मला वाटलं, आवाजाची तक्रार घेऊन आलेत."

"तक्रारच आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी आधी सिलिंडरचा काटा पाहिला. अजून हिरव्यात होता. मग मिस्त्रींना काखेत हात घालून उठवलं आणि धुळीबाहेर, जिन्याच्या उघड्या खिडकीपाशी आणून उभं केलं. मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती.

तिथून, दाराच्या चौकटीतून, त्यांनी कारागिराला विचारलं, "पाणी?"

"मालकांनी आधीच भिंती रंगवून घेतल्यात ना बाबा. डाग पडला तर तूच रंग काढून द्यायचा म्हणालेत. आणि ओतायला दुसरं माणूस कुठंय? एकटाच आहे मी." एवढं बोलताना त्याला पुन्हा उबळ आली. भिंतीला हात लावून, वाकून त्याने ती काढली.

मिस्त्रींनी बोट त्याच्या छातीकडे केलं. "हा... कधीपासून?"

"हा होय? हा धुळीचा. रात्री गरम पाणी प्यायलो की बसतो."

बाईंनी आणि मिस्त्रींनी एकमेकांकडे पाहिलं. हेच वाक्य. शब्दसुद्धा हेच. मिस्त्रींनी डॉक्टरांना सांगितलेलं, लेकीला सांगितलेलं, बाईंना तर किती वेळा सांगितलेलं. मिस्त्रींना पुष्कळ बोलायचं होतं. सगळा जिना ते तेवढ्यासाठी चढून आले होते. पण जिन्याने त्यांचे सगळे शब्द खाऊन टाकले होते. त्यांनी नुसतं ते बोट कारागिराच्या छातीकडून वळवलं आणि आपल्या नाकातल्या नळीवर ठेवलं.

कारागीर ओशाळून हसला. मग त्याचं हसू गेलं. त्याने नळी पाहिली, सिलिंडर पाहिला, मिस्त्रींचे निळे ओठ पाहिले.

"तुम्ही पण घासाईतलेच का बाबा?"

मिस्त्रींनी मान हलवली.

बाईंना त्या कारागिराची दया आली आणि त्याच्यावर रागही आला. आपण कामावर असताना दारात कधी कुणी असं बोट दाखवायला का आलं नाही, याचा तर फारच आला. तो राग कुणावर काढावा ते कळेना, म्हणून त्यांनी साडी वर खोचली. ज्या बादलीवर मिस्त्री बसले होते ती सुलटी केली आणि नळाखाली धरली. कोपऱ्यात रिकाम्या गोण्या पडल्या होत्या, त्या भिजवल्या, पिळल्या, लांब घड्या करून भिंतीच्या पायथ्याशी दाबून बसवल्या. तोंडाला पदर गच्च बांधला.

"मावशी, अहो, तुम्ही कशाला..."

"भिंतीला थेंब लागला तर मी रंग काढून देईन. चालू कर ते मोठं मशीन. आणि जोर देऊ नकोस, मागे मागे ये. पाणी मी बघते."

"स्विच बाहेर आहे, जिन्यात."

तो मिस्त्रींच्या खांद्याशीच होता. मिस्त्रींनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. "एकाच भिंतीपुरतं हं," त्यांनी दटावलं.

मशीन सुरू झालं. बाई बेताबेताने पाणी सोडत गेल्या, गोणीच्या कडेकडेने, धार न उडवता. हात विसरले नव्हते. पांढरा धुरळा उठायचा थांबला. दगडाखालून दुधट राडा वाहू लागला आणि खोलीला ओल्या फरशीचा तो जुना वास आला. कारागिराने दोनदा तोंडाचा घाम पुसला, खोकला नाही. बाहेर खिडकीपाशी मिस्त्री एका हाताने वायर धरून उभे होते, हलके, दोन बोटांत, मासा लागलाय का बघावा तशी. जन्मभर मशीन त्यांच्याकडे आणि स्विच बाईंकडे असायचा. आज पहिल्यांदाच स्विच त्यांच्याकडे होता.

भिंत संपली. बाईंनी वायरीला दोन झटके दिले आणि त्याच क्षणी मशीन बंद झालं.

"उद्या बायकोला घेऊन येतो," कारागीर मान खाली घालून म्हणाला. "पाणी घालायला."

"आण. तिच्याही तोंडाला फडकं बांध. ओलं. आणि त्या छातीचं कुणाला तरी दाखव, गरम पाणी पुरे झालं."

तो "हो" म्हणाला. मिस्त्रीही असंच "हो" म्हणायचे, हे बाईंना आठवलं. पण त्याने खिशातला रुमाल काढला, बादलीत बुडवला आणि तोंडाला बांधला, एवढं त्यांनी जाताना पाहिलं.

उतरताना बोलण्याइतका श्वास मिस्त्रींकडे नव्हता आणि बाईंकडे होता तो त्यांनी राखून ठेवला. घरात आल्यावर त्यांनी फॅनच्या जाळीला बांधलेली नळी सोडवली, पुसली आणि मिस्त्रींच्या नाकाला लावली. मग बोळात जाऊन स्विच लावला. घरघर सुरू झाली तेव्हा त्या परत आल्या आणि मिस्त्रींसमोर उभ्या राहिल्या.

"दोन झटके आले. मी मशीन बंद केलं."

मिस्त्रींना आधी कळलं नाही. मग त्यांची नजर फॅनकडे गेली, खुर्चीच्या पायाकडे गेली. त्यांचा चेहरा पडला.

"तुला... फसवलं मी."

"मला फसवलंत ते जाऊ द्या. माझ्या हाताला फसवलंत." बाईंचा आवाज फुटला आणि या वेळी तो लपवायचं त्यांना सुचलं नाही. "आजपासून या घरात दोन झटके नाहीत. एकच. कळलं?"

"आणि कधी... बंद करायचं असलं तर?"

ते थट्टेत विचारत होते की खरंच, हे त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवता येईना. वर पुन्हा मशीन सुरू झालं.

"बंद करायचंच नाही," बाई म्हणाल्या आणि मटार गोळा करायला आत निघून गेल्या.

बोळभर दाणे पसरले होते. वाकून वाकून त्यांनी ते वेचले. वरून मशीनचा आवाज येत होता. मध्येच तो थांबायचा, बादली सरकल्याचं ऐकू यायचं आणि तो पुन्हा सुरू व्हायचा. एकटाच ओततोय, एकटाच घासतोय. खोकला दोनदा आला. मघापेक्षा कमी होता की बाईंनाच तसं वाटलं, कुणास ठाऊक.

नळी त्यांच्या पुढ्यात पडली होती. त्या ती सरकायची वाट पाहत होत्या. आत्ता खिडकी, आत्ता दार. नळी हलली नाही. बाईंनी हात पुसला आणि एक झटका दिला.

उत्तर आलं. एकच. पण फार सावकाश आलं, लांबच्या खोलीतून आल्यासारखं.

त्या उठून बाहेरच्या खोलीच्या दारात गेल्या. मिस्त्री खुर्चीत बसले होते. पाठ पूर्ण टेकलेली, पाय सैल सोडलेले, डोळे मिटलेले. नळी डाव्या खांद्यावरून मागे गेली होती आणि तिचं वेटोळं अजून हातात होतं. छाती वरखाली होत होती. बोळात यंत्र घरघरत होतं, वर मशीन घरघरत होतं, आणि मिस्त्री बसले होते.

रोज उठून बाईंनी एवढंच तर मागितलं होतं. आता 'अहो, उठा ना जरा' असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण त्या पाय न वाजवता आत गेल्या, त्यांच्या हातातलं वेटोळं अलगद सोडवून आपल्या हातात घेतलं, आणि मशीन चालू होतं म्हणून खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या.